घडवलेली भाषा: शब्दाची हद्द, त्याचं कूळ आणि त्याचं व्याकरण

नवी भाषा रचायला बसलेला माणूस बहुतेक वेळा वहीचं पान दुभागतो. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे स्वतःचे. पाणी म्हणजे सुमे, झाड म्हणजे तोरा, लागणे म्हणजे किल. दोन-तीनशे शब्द सहज होतात. मग पहिला परिच्छेद लिहायला घेतला की कळतं, ही नवी भाषा नव्हेच, ही वेश बदललेली मराठी आहे.

'लागणे'च घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, गोड लागतं, वेड लागतं, दार लागतं, जावं लागतं, मूल रडू लागतं आणि अमका माझा मामा लागतो. हे सगळं एका क्रियापदात आलं ते मराठीच्या स्वतःच्या इतिहासामुळे. 'किल' या नव्या शब्दाला तो इतिहास नाही, तरी 'लागणे = किल' एवढं लिहिलं की दहाच्या दहा अर्थ गुपचूप त्याच्या मागे येतात. यावर उपाय म्हणजे हे अर्थ आधी सुटे करायचे आणि मग नव्या भाषेच्या मनाप्रमाणे पुन्हा बांधायचे. समजा, किल फक्त शरीराला होणाऱ्या गोष्टींसाठी ठेवला: भूक, तहान, झोप, थंडी, ठेच. आग लागण्यासाठी 'धरणे' या अर्थाचा शब्द. 'जावं लागतं' यातली सक्ती क्रियापदाच्या प्रत्ययात. 'रडू लागलं' यासाठी सुरू होण्याचं वेगळं क्रियापद. मामा नुसता 'आहे'. आता किलला स्वतःचा चेहरा आला, आणि मराठीत नसलेलं एक वर्तुळही तयार झालं, कारण 'थंडी वाजते', 'झोप येते' आणि 'ठेच लागते' ही तीन क्रियापदं तिथे एक झाली.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. मराठी जे भेद करते ते आपल्याला निसर्गाचे नियम वाटतात. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आपल्याला इतका सवयीचा असतो की नव्या सर्वनामांच्या तक्त्यात तो आपोआप उतरतो. एस्पेरांतो या जगभरच्या वापरासाठी रचलेल्या भाषेत दोन्हींसाठी एकच 'नी' आहे. 'अवतार' चित्रपटासाठी रचलेल्या नावी भाषेत मात्र ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून अशी वेगळी रूपं आहेत. त्याच नावीत 'एआन' हा एकच शब्द निळ्या आणि हिरव्या दोन्ही रंगांसाठी चालतो. भेद ठेवा किंवा मोडा, पण ठरवून.

मी प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहाव्यात असं सांगेन: शब्द काय काय झाकतो, कुठे थांबतो आणि तो थांबल्यावर पुढचा भाग कोणता शब्द सांभाळतो. उदाहरणार्थ, सुमे: वाहतं, साठलेलं, प्यायचं पाणी. पाऊस त्यात नाही. घाम, अश्रू, झाडाचा चीक, म्हणजे सजीवाच्या अंगातून निघणारं कोणतंही द्रव्य, हे 'एल'. एवढ्या तीन ओळींनी 'डोळ्यांत सुमे आलं' हे वाक्य या भाषेत चुकीचं ठरलं. तोंडाला पाणी सुटणं, मेहनतीवर पाणी फिरणं, एखाद्याचं पाणी जोखणं हेही दारातच अडलं. वाक्प्रचार सगळ्यांत शेवटी शिरतात आणि सगळ्यांत जास्त घात करतात, कारण ते आपल्याला वाक्प्रचार वाटतच नाहीत.

भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेशच्या 207 मूलभूत शब्दांच्या यादीवरून शब्द पाडायची सवय पुष्कळांना असते. ती यादी भाषांमधलं नातं तपासायला बनवलेली आहे. शब्द पाडून झाल्यावर काही मूलभूत अर्थ राहिला का हे बघायला ती छान. ओळीने भरत जायला घेतली तर हाती फक्त 207 लेबलं येतात.

ध्वनी आणि देवनागरीतले खाचखळगे

12 व्यंजनं आणि 5 स्वर घेतले तर व्यंजन-स्वर अशी 60 अक्षरं होतात. दोन अक्षरी शब्द 3,600. पहिल्या दोन वर्षांचं काम यात आरामात भागतं, म्हणून ध्वनी वाढवायची घाई नको. त्या 3,600 पैकी निम्म्याहून जास्त जागा मोकळ्या ठेवा. सगळ्या भरल्या की प्रत्येक शब्दाला एका ध्वनीने वेगळा शेजारी मिळतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. ध्वनींची वाटणीही समान नको. खऱ्या भाषेत दोन-तीन व्यंजनं सतत भेटतात आणि एखादं क्वचित. सर्वनामं, शब्दयोगी अव्ययं, नकार हे शब्द रोज तोंडात येतात, म्हणून ते एका अक्षराचे असावेत. 'मी'साठी चार अक्षरी शब्द ठेवलेली भाषा बोलून पाहा, दहाव्या वाक्याला जीभ तो आपणहून कापते.

देवनागरीत टिपणं ठेवणाऱ्यांनी तीन गोष्टी पहिल्याच पानावर लिहाव्यात. एक, शेवटचा अ उच्चारायचा की नाही. 'तोर' लिहिलं की मराठी डोळा ते व्यंजनान्त वाचतो, मग जिथे अ खरंच आहे तिथे काय करणार? अ नसेल तिथे सरळ हलन्त वापरावा. दोन, च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. चहातला च आणि चमच्यातला च लिपीत एकच दिसतो, तेव्हा नव्या भाषेत कोणता ते सांगावं लागतं. तीन, इ आणि उ यांना ऱ्हस्व-दीर्घ चिन्हं आहेत, पण मराठीच्या लिहिण्यात ए आणि ओ यांना नाहीत. भाषेत ऱ्हस्व ए असेल तर चिन्ह आजच ठरवा. ळ, ण आणि महाप्राण व्यंजनंही मराठी माणसाकडून नकळत येतात. ती हवी असतील तर घ्यावीत, मात्र ट, ठ, ड, ढ, ण ही आख्खी रांग घ्यायची सक्ती नाही. 'स्टार ट्रेक'साठी मार्क ओक्रँड यांनी रचलेल्या क्लिंगॉनमध्ये ड मूर्धन्य आहे, पण त्याचा जोडीदार ट नाही. तिथला त पुढे दातांच्या बाजूला उच्चारतात. रांग मुद्दाम मोडलेली आहे, आणि त्यानेच ती भाषा कानाला परकी लागते.

शब्द येतात कुठून

खऱ्या भाषांमधून उचलणं हा एक रस्ता. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने 1879-80 मध्ये व्होलाप्यूक रचली. तिचं नावच 'व्होल' म्हणजे जग आणि 'प्यूक' म्हणजे बोली यांचा समास आहे. मूळ इंग्रजी 'वर्ल्ड' आणि 'स्पीक', पण ते इतके तासले की ओळखू येत नाहीत. मधला 'अ' हा षष्ठीचा प्रत्यय. 'दोम' म्हणजे घर, 'दोमा' घराचं, 'दोमे' घराला, 'दोमी' हे कर्माचं रूप. उचललेला शब्द इतका बदलला की शिकणाऱ्याला ओळखीचा फायदा मिळत नाही आणि परकेपणाची शुद्धताही राहत नाही. झामेनहॉफने 1887 साली एस्पेरांतो प्रसिद्ध केली तेव्हा हे टाळलं. 'हुंदो' हा कुत्रा जर्मनमधून, 'बिर्दो' हा पक्षी इंग्रजीतून, 'काय' म्हणजे 'आणि' हे ग्रीकमधून, आणि ते चटकन ओळखू येतात. 2001 मध्ये सोन्या लँग यांनी रचलेल्या तोकी पोनात जेमतेम 120 मूळ शब्द होते, पण त्यांची माहेरं दूरदूरची: 'काला' म्हणजे मासा हा फिनिशमधून, 'यान' म्हणजे माणूस हा कँटनीजमधून, 'तेलो' म्हणजे पाणी हा फ्रेंच 'द लो'वरून. लोजबान या तर्कशास्त्रावर बेतलेल्या भाषेत हे काम गणिताने केलं. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले शब्द ध्वनीनुसार लिहून, बोलणाऱ्यांच्या संख्येचं वजन देऊन, जास्तीत जास्त साम्य असलेला पाच अक्षरचिन्हांचा शब्द निवडला. 'ब्लानु' म्हणजे निळा. त्यात चिनी 'लान' आणि इंग्रजी 'ब्लू' दोन्ही बसले आहेत. असे साधारण 1,350 मूळ शब्द तिथे आहेत.

दुसरा रस्ता अर्थाच्या वर्गीकरणातून शब्द काढण्याचा. इंग्रज धर्मगुरू जॉन विल्किन्सने 1668 मध्ये सगळ्या विश्वाचे 40 वर्ग पाडले आणि प्रत्येकाला एक अक्षर दिलं. 'दे' म्हणजे महाभूत, 'देब' म्हणजे अग्नी, 'देबा' म्हणजे ज्वाला. शब्द ऐकला की वस्तू कुठल्या कप्प्यातली ते कळावं, हा हेतू. कल्पना आजही मोहात पाडते, आणि नव्याने भाषा रचणारे पुष्कळ जण आपल्या परीने ती पुन्हा शोधतात. दोष तिच्या पायातच आहे. जवळच्या अर्थाच्या गोष्टी एकाच संदर्भात बोलल्या जातात, आणि इथे नेमके त्यांचेच शब्द एकमेकांसारखे होतात. विल्किन्सच्या स्वतःच्याच पुस्तकात ट्युलिपसाठी 'गापे' हवा तिथे 'गादे' पडलं आहे, आणि गादे म्हणजे जव. एक व्यंजन चुकलं आणि फुलाच्या जागी धान्य आलं. संदर्भाने चूक पकडता येत नाही, कारण दोन्ही वनस्पतीच. सहज भाषेत 'कांदा' आणि 'गुलाब' यांत एकही व्यंजन जुळत नाही, त्यामुळे अर्धवट ऐकूनही काम भागतं.

एस्पेरांतोलाही याची झळ थोडी लागते. प्रश्नवाचक आणि तत्सम शब्दांचा तिचा तक्ता 45 घरांचा आहे: 'कियाम' केव्हा, 'तियाम' तेव्हा, 'चियाम' नेहमी, 'नेनियाम' कधीच नाही. मराठी माणसाला केव्हा-जेव्हा-तेव्हा, कसा-जसा-तसा यांची सवय असल्याने तो घरचाच वाटतो. पण कियाम, किअल, किएल (केव्हा, का, कसं) हे शिकणाऱ्याच्या तोंडात महिनोन्‌महिने अदलाबदल होत राहतात. विरुद्धार्थाचं तेच. फ्रांस्वा स्यूद्रच्या सोलरेसोलमध्ये शब्द सात स्वरांच्या नावांतून होतात आणि उलटा केला की अर्थ उलटतो: 'मिसोल' म्हणजे चांगलं, 'सोलमि' म्हणजे वाईट. एस्पेरांतोत 'माल-' हा उपसर्ग ते काम करतो. बोना चांगला, मालबोना वाईट. देक्स्त्रा उजवा, मालदेक्स्त्रा डावा. पाठांतर अर्ध्यावर येतं हे खरं. पण गोंगाटात शब्दाची सुरुवात ऐकू आली नाही तर डावं-उजवं उलटं होतं. रोजच्या वापरातल्या जोड्यांना स्वतंत्र शब्द द्यावेत आणि उपसर्ग बाकीच्यांसाठी राखावा, असं माझं मत आहे.

धातूच्या पोटातलं व्याकरण

प्रत्यय लावून शब्द वाढवायची सोय फार कामाची. एस्पेरांतोतलं 'माल-सान-उल-एय-ओ' घ्या: सान म्हणजे निरोगी, माल लावून आजारी, उल म्हणजे व्यक्ती, एय म्हणजे जागा, ओ म्हणजे नाम. मालसानुलेयो, रुग्णालय. पाच तुकडे, पाठ करायला एकही नवा शब्द नाही. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली जात नाही: धातूला स्वतःची जात असते. 'ब्रोस' हा धातू मुळात वस्तूचा. ब्रोसो म्हणजे ब्रश, ब्रोसी म्हणजे ब्रश करणे. 'कोंब' हा धातू मुळात क्रियेचा. कोंबी म्हणजे केस विंचरणे, म्हणून कोंबो म्हणजे विंचरण्याची क्रिया. कंगव्याला साधनाचा प्रत्यय जोडून 'कोंबिलो' म्हणावं लागतं. दोन्ही वस्तू सारख्याच कामाच्या, तरी घडण वेगळी, आणि शेवटचा ओ किंवा ई बघून हे कळत नाही. शब्दकोशात धातूपुढे 'वस्तू', 'क्रिया' किंवा 'गुण' असं लिहून ठेवल्याशिवाय दोन माणसं एकच शब्द दोन अर्थांनी वापरणार. 1907 मध्ये एस्पेरांतोतून फुटलेल्या इडो भाषेच्या मागे लुई कूतुरा होता. नामाचं क्रियापद आणि क्रियापदाचं नाम करताना अर्थ जसाच्या तसा परत आला पाहिजे, हा त्याचा आग्रह होता, आणि तो याच गाठीवर बोट ठेवणारा.

तुकडे जोडताना दुसरा अपघात होतो तो फोडीचा. एस्पेरांतोत 'कोलेगो' म्हणजे सहकारी, पण कोल-एग-ओ अशी फोड केली तर मोठी मान. 'आवारो' म्हणजे कंजूषपणा, आणि आव-आर-ओ म्हणजे आजोबांचा जमाव. नवा धातू नोंदवण्याआधी तो आपल्याच प्रत्ययांत मोडून पाहायचा. प्रत्यय 30 असतील तर हे दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्ययांना असा ध्वनी राखून ठेवला जो धातूच्या शेवटी कधीच येत नाही, तर प्रश्न मुळातच मिटतो.

समासात कोण कोणाला बांधलेलं आहे हेही ठरवावं लागतं. तोकी पोनात विशेषण मागून येतं. 'तोमो तेलो नासा' यात तोमो (जागा) आणि तेलो (पाणी) मिळून न्हाणीघर झालं आणि ते नासा, म्हणजे विचित्र. 'तोमो पि तेलो नासा' म्हटलं की आधी 'तेलो नासा' म्हणजे दारू एकत्र येते आणि अर्थ होतो दारूचा गुत्ता. एक 'पि' सगळी गाठ हलवतो. दोन शब्दांचे समास सगळेच नीट करतात. तीन शब्दांचा समास करून पाहिल्याशिवाय नियम पुरा झाला असं समजू नये.

इतिहास रचणं

तिसरा रस्ता मला सगळ्यांत प्रिय आहे. आधी मूळ भाषा रचायची, मग तिच्यावर ध्वनिबदलाचे नियम क्रमाने चालवायचे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याने क्वेन्या आणि सिंदारिन अशा दोन बहीणभाषा रचल्या. क्वेन्यात शब्दाला 'क्वेत्ता' म्हणतात आणि सिंदारिनमध्ये 'पेथ'; हंसाला तिकडे 'आल्क्वा', इकडे 'आल्फ'. एकीकडे क्व राहिला, दुसरीकडे त्याचा ओठांवरचा ध्वनी झाला, आणि हे नियमाने झालं. दोन शब्द शेजारी ठेवले की नातं दिसतं. मराठीने हेच केलं आहे: हस्त, हत्थ, हात, सप्त, सत्त, सात, अग्नी, अग्गि, आग. आधी जोडाक्षराचं द्वित्त, म्हणजे एकाच व्यंजनाची जोडी झाली, मग द्वित्त सुटून आधीचा स्वर लांबला.

हे हाताने करून पाहू. मूळ भाषेत 'वापा' म्हणजे नदी, 'वापि' म्हणजे नद्या, 'वापानो' म्हणजे नदीत. नियम चार, याच क्रमाने.

पहिला: दोन स्वरांमधल्या क, त, प यांचे ग, द, ब होतात. वाबा, वाबि, वाबानो.

दुसरा: पुढच्या अक्षरात इ असेल तर आ चा ए होतो. वाबा, वेबि, वाबानो.

तिसरा: शेवटचा स्वर गळतो. वाब्, वेब्, वाबान्.

चौथा: शब्दाच्या शेवटी ग, द, ब पुन्हा क, त, प होतात. वाप्, वेप्, वाबान्.

आता आजचा बोलणारा म्हणतो: नदी वाप्, नद्या वेप्, नदीत वाबान्. अनेकवचनाला प्रत्यय उरला नाही, आतला स्वर बदलतो. सिंदारिनमध्ये 'आमोन' (टेकडी) याचं अनेकवचन 'एमिन' होतं ते याच प्रकारच्या बदलाने. सप्तमीत प चा ब झालेला दिसतो. कोणीही अपवाद म्हणून हे ठरवलेलं नाही, नियमांच्या क्रमातून ते आलं. शेजारी 'वाप्पा' (जखम) हा शब्द ठेवा. त्यातला प्प हा द्वित्त असल्याने पहिला नियम लागत नाही. शेवटचा स्वर गेल्यावर टोकाचं द्वित्त एकेरी होतं असा पाचवा नियम धरला तर जखमही 'वाप्' होते, पण जखमेत म्हणजे 'वाप्पान्'. एकवचनात नदी आणि जखम सारखी, सप्तमीत वेगळी. शब्दकोशात म्हणूनच नुसतं 'वाप्' लिहून भागत नाही, सप्तमीचं रूपही लागतं. आपण 'पाणी' शिकवताना 'पाण्या-' हे सामान्यरूपही शिकवतो, त्यातलाच प्रकार.

क्रम बदलून बघा. तिसरा नियम आधी चालवला तर वापा आणि वापि दोन्ही लगेच 'वाप्' होतात. इ उरलाच नाही, म्हणून दुसऱ्या नियमाला काम नाही. एकवचन-अनेकवचन एक झालं. मग बोलणारे गप्प बसत नाहीत, 'पुष्कळ' किंवा 'सगळे' अशा अर्थाचा शब्द मागे जोडू लागतात आणि शेदोनशे वर्षांत तो प्रत्यय होतो. एकाच मूळ भाषेतून दोन बहिणी करायच्या असतील तर दोन वेगळे क्रम पुरतात. नियम आठ-दहाच्या वर नेऊ नका. त्यापुढे शब्द एका अक्षरावर येतात आणि सगळे समध्वनी होतात.

ध्वनीबरोबर अर्थही सरकला पाहिजे. 'गर्भिणी'चं 'गाभण' झालं आणि शब्द जनावरांपुरता राहिला, तर माणसासाठी संस्कृतातून पुन्हा शब्द घ्यावा लागला. 'पर्ण'चं पान झालं आणि ते झाडावरून पुस्तकात गेलं. काम आणि कर्म एकाच शब्दाचे, पण एक हाताला चिकटलं आणि दुसरं नशिबाला. नव्या भाषेतही असे तत्सम-तद्भव जोड करता येतात: थोडे शब्द नियम न लावता मूळ रूपात परत आणा आणि ते धर्म, कायदा, विद्या यांच्या बोलीत ठेवा. दर वीस-पंचवीस शब्दांमागे एकाचा अर्थ मुद्दाम हलवला तरी कोश जिवंत वाटू लागतो. सगळ्यांचे हलवले तर व्युत्पत्ती शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

वाक्यात कोण कुठे

विभक्त्यांची संख्या मोजण्यात लोक फार रमतात. अठरा विभक्त्या कागदावर करता येतात. खरा प्रश्न असा की कर्ता, कर्म आणि एकट्याने काही करणारा, यांतल्या कोणाला एका खुणेत टाकायचं. 'तो आला' आणि 'त्याने पुस्तक वाचलं' यात मराठी दोन कर्त्यांना दोन रूपं देते, आणि क्रियापद पुस्तकाच्या लिंगवचनावर जातं. तेही भूतकाळातच, आणि 'मी वाचलं' म्हणताना ने नाहीच. इतकं बारीक विभाजन आपण रोज करतो, तरी नवी भाषा रचताना सरळ इंग्रजीच्या साच्याकडे वळतो, याचं मला वाईट वाटतं. पॉल फ्रोमर यांच्या नावीत तिन्ही भूमिका वेगळ्या आहेत: सकर्मक क्रियेच्या कर्त्याला एक प्रत्यय, कर्माला दुसरा, अकर्मक क्रियेच्या कर्त्याला काहीच नाही. मग शब्द कोणत्याही क्रमाने ठेवता येतात. तिथले काळही क्रियापदाच्या पोटात शिरतात: 'तारोन' शिकार करणे, 'तामारोन' केली, 'तायारोन' करेल.

प्रत्यय नसले तर क्रमावर भार येतो. क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. 'पुक़ लेग़ याष' म्हणजे अधिकारी मुलाला पाहतो. याष आणि पुक़ यांची अदलाबदल केली की मूल अधिकाऱ्याला पाहतं. मी-तू आले की क्रियापदाच्या पुढचा एकच उपसर्ग दोघांना सांगतो: 'क़ालेग़' मी तुला पाहतो, 'चोलेग़' तू मला पाहतोस.

प्रत्येक क्रियापदापुढे त्याची माणसं लिहा. लोजबानच्या 'क्लामा'त पाच जागा ठरलेल्या आहेत: कोण जातो, कुठे, कुठून, कोणत्या मार्गाने, कशाने. इतकं काटेकोर नको असेल तरी चालेल, पण मालकी, भूक, माहिती आणि आवड यांचा निकाल लावलाच पाहिजे. मराठीत 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पुस्तक आहे' आणि 'माझ्यात धीर आहे', अशा तीन वाटा आहेत. तुमच्या भाषेत किती? हे ठरवलं नसेल तर पहिल्याच संवादात अडायला होतं.

आपल्या 'म्हणे'कडेही लक्ष द्या. 'तो आला म्हणे': बातमी ऐकीव आहे, माझी जबाबदारी नाही. सुझेट हेडन एल्गिन यांनी 1982 मध्ये सुरू केलेल्या लाआदन या भाषेत असा शब्द वाक्याच्या शेवटी येतोच. स्वतः अनुभवलेलं असेल तर 'वा', स्वप्नात पाहिलेलं असेल तर 'वे', आणि विश्वासू माणसाकडून ऐकलेलं किंवा कल्पनेतलं असेल तर आणखी वेगळे. अशी खूण घ्यायची असेल तर प्रश्नात आणि आज्ञेत तिचं काय होतं ते त्याच दिवशी लिहा. 'तू गेलास' यात माहिती बोलणाऱ्याची, 'तू गेलास का' यात ऐकणाऱ्याची. खूण कोणाच्या ज्ञानाची धरायची?

कोशातली एक नोंद

वर केलेल्या शब्दाची पूर्ण नोंद अशी दिसेल. वाप्: नाम, मूळ वापा, अनेकवचन वेप्, सप्तमी वाबान्. अर्थ: बारमाही वाहणारी नदी. ओढा, कालवा नाही. बोलीत 'चालू राहिलेलं भांडण' असाही अर्थ. समध्वनी: वाप् (जखम), सप्तमी वाप्पान्. एक वाक्य. शेवटी नोंद केल्याची तारीख, कारण नियम पुढे बदलले की कोणत्या नोंदी जुन्या नियमाच्या आहेत ते तारखेवरूनच सापडतं. बदल झाला तर जुनं रूप खोडू नका, 'पूर्वी' म्हणून ठेवा. त्यालाच नंतर पोथीतलं किंवा दुसऱ्या प्रांतातलं रूप करता येतं.

पन्नास नोंदी झाल्या की अनुवाद करून पाहा, पण सुट्या वाक्यांचा नको. पाककृती, भांडण आणि रस्ता सांगणं, असे तीन मजकूर घ्या. पाककृतीत आज्ञार्थ आणि क्रम लागतो, भांडणात नकार, शपथ आणि 'तूच म्हणालास'सारखी वाक्यं, रस्ता सांगताना दिशा आणि अटी. या तिघांत मिळून व्याकरणाची बहुतेक भोकं उघडी पडतात.

कित्येकदा भाषेच्या आधी नावं ठरलेली असतात, कथेतल्या गावांची किंवा घराण्यांची, आणि ती आता टाकता येत नाहीत. तेव्हा व्याकरण त्यांच्याकडून मागे काढत जायचं. डेव्हिड पीटरसन यांना 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेसाठी उच्च व्हॅलिरियन भाषा रचताना मूळ कादंबऱ्यांमधले मोजके शब्दच मिळाले होते. त्यांत 'सर्व माणसं' या अर्थाचा 'वालार' होता. 'सर्व'साठी वेगळा शब्द दिसत नव्हता, म्हणून त्यांनी एकवचन, अनेकवचन, अल्पवचन आणि समूहवचन अशी चार वचनं केली आणि वालार हे समूहवचन ठरलं. मिळालेली नावं आधी तुकड्यांत लावून बघा: दोन नावांत एकच शेपूट दिसलं तर तो 'गाव' किंवा 'गड' असा प्रत्यय धरा, आणि उरलेला भाग ध्वनिनियमांतून मागे नेऊन मूळ शब्द काढा. जे नाव कशातच बसत नाही ते शेजारच्या भाषेतून आलं असं समजा. त्या शेजारणीसाठी वेगळं पान करा आणि तिचे ध्वनी, तिचे दोन-तीन नियम आणि तिच्याकडून आलेले शब्द तिथे लिहा. पुढच्या वेळी असंच आडमुठं नाव आलं तर ते त्याच पानावरच्या नियमांत बसवायचं, नवी शेजारीण काढायची नाही.